आधी बाळंतीण

बाळंतपणाच्या खोलीतून बाहेर आल्या की बाई पाठीमागे हात नेऊन आधी दार लावून घेत आणि मग त्या दारालाच पाठ टेकवून उभ्या राहत. बाहेर बाकावरची मंडळी उठत. कुणाच्या हातात पेढ्यांचा पुडा, कुणाच्या हातात मोबाइल आणि त्याचा कॅमेरा आधीच चालू. “काय झालं?” हा प्रश्न सगळ्या तोंडांतून एकदमच येई. बाई चष्म्यावरून एकेकाकडे बघत आणि म्हणत, “बाळंतपण झालं. पुढे विचारा.”

पुढचा प्रश्न मुलगा की मुलगी हाच असे. जरा सुधारलेली मंडळी असली तर वजन विचारत. बाई दारावरून हलत नसत. मग मागून कुणीतरी, बहुधा मुलीची आई किंवा एखादा बावरलेला मामा, चाचरत विचारी, “आमची पोरगी कशी आहे हो?” त्याबरोबर बाई बाजूला होत. “या. आता या.”

तुमच्या घरातलं कुणी कसब्यात बाळंत झालं असेल तर तुम्हीही त्या दारासमोर ताटकळला असाल. तांबट आळीजवळच्या एका बोळात, खाली भांड्यांचं दुकान आणि वर बाईंचं प्रसूतिगृह. खाली दिवसभर तांब्यावर हातोडे पडत आणि वर बायका कळा देत. इथं जन्मलेली मुलं आवाजाला भीत नाहीत, असं माझ्या सासूबाई मोठ्या अभिमानानं सांगत. माझा नवरा तिथलाच. तो कुकरच्या शिट्टीलाही दचकतो.

बाईंना नाव होतं, नावापुढे डिग्र्या होत्या, पण त्यांना डॉक्टर म्हणायचा प्रघात नव्हता. त्या फक्त बाई. अंगाने काटक, सुती साडी, वर बाह्या दुमडलेला पांढरा कोट आणि साडीखाली कॅनव्हासचे बूट. त्यांना बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. तपासताना उभ्या, बोलताना उभ्या, चहा जिन्यात उभ्यानं. आपण काही सांगायला लागलो की आपलं वाक्य संपायच्या आत त्या पुढच्या खोलीत पोचलेल्या असत आणि क्रियापद आपल्याच तोंडात राही.

पुण्यात भिंत मोकळी ठेवायची पद्धत नाही, तशी ती बाईंकडेही नव्हती. जिन्याच्या तोंडाशी पहिली पाटी: “बाळ कोणासारखे दिसते याची चर्चा जिन्यात उरकून यावे.” वर आल्यावर दुसरी: “येथे पेढे वाटू नयेत. बाळंतिणीला भूक लागते, तिला जेवण आणावे.” आणि प्रत्येक खोलीच्या दारावर, लाल अक्षरांत, सगळ्यांत मोठी: “आधी बाळंतीण. मग बाळ.”

मी एका प्रकाशनात मुद्रितं तपासते. लोकांच्या चुका काढण्याचा पगार घेते, त्यामुळे पाटी दिसली की आधी शुद्धलेखन बघायचं, ही खोड. बाईंच्या पाट्यांत चूक नव्हती, पण ती तिसरी पाटी वाचल्यावर मला पहिल्यांदाच आपल्या भाषेची एक गंमत दिसली. आपण काय म्हणतो? बाळ-बाळंतीण सुखरूप. बाळ आधी, मग एक आडवी रेघ, आणि त्या रेघेला लोंबकळणारी बाळंतीण. आयुष्यभर मी ती रेघ नीट पडली आहे की नाही एवढंच बघत आले होते.

बाई मात्र हा जोडशब्द उलटा करून म्हणत. “बाळंतीण-बाळ बरी आहेत.” नातेवाइकांना वाटे, त्यांची जीभ अडखळली.

पाटी नुसती टांगलेली नव्हती, तिचा कायदा होता. प्रत्येक खोलीत पलंगापलीकडे एक हिरवा पडदा आणि पडद्यामागे पाळणा. भेटायला येणाऱ्यानं आधी पलंगाजवळ बसायचं, बाळंतिणीला ती कशी आहे ते विचारायचं, आणि मगच सिस्टर पडदा सरकवणार. सिस्टर म्हणजे बाईंच्या हाताखाली केस पांढरे केलेली एक ठेंगणी बाई. दोघी एकमेकींशी फक्त खुणांनी बोलत आणि बाकीच्यांशी फक्त तोडून.

माझ्या नवऱ्याला हे ठिकाण पसंत नव्हतं. त्यानं बाणेरच्या बाजूचं एक चकचकीत हॉस्पिटल बघून ठेवलं होतं, जिथं बर्थिंग सूट होता, मंद संगीत होतं आणि बाळाच्या पहिल्या रडण्याचं शूटिंग पॅकेजमध्येच होतं. “बेसिकली तिथं एक्स्पीरियन्स चांगला आहे,” तो म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, “अनुभव तिला घ्यायचाय, तुला नाही.” म्हणून मग कसबा. पहिल्या भेटीत त्यानं मोबाइलवर आमचा बर्थ प्लॅन उघडून बाईंपुढे धरला. बाईंनी तो हातही न लावता वाचला. “छान आहे. बाळाला वाचून दाखवलात का?” एवढं विचारून त्या गेल्या.

प्लॅनमध्ये सगळं नैसर्गिक होतं. प्रत्यक्षात पोट फाडावं लागलं. मुलगी झाली. बाहेर दाराला पाठ लावून बाई उभ्या राहिल्या तेव्हा आमच्या मंडळींपैकी माझी चौकशी कुणी केली, हे मी पुढे बरेच दिवस विचारत होते. प्रत्येक जण दुसऱ्याचं नाव सांगतो.

दुसऱ्या दिवशी पुण्याजवळच्या मांजरी गावाहून आत्याबाई आल्या. या माझ्या नवऱ्याच्या आत्या. मांजरीला उसाचं मोठं रान, त्यातल्या अर्ध्यावर आता इमारती उभ्या, आणि आवाज मात्र अजून बांधावरून बांधावर हाक मारण्याचाच. खोलीत शिरल्या त्या थेट पडद्यावर. “कुटं हाय आमची लक्षुमी? दावा बगू!”

“आत्याबाई, पडदा सोडा,” मागून बाईंचा आवाज आला. “आधी सुनेला विचारा.”

“तिला काय इचारायचं? समोरच तर पडलीया.”

“पडलीये, म्हणूनच विचारा.”

आत्याबाईंनी पडदा सोडला, माझ्याकडे वळल्या, आणि मांजरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “काय गं, कशी हाईस?”

“बरी आहे,” मी म्हटलं.

“बरी हाय म्हनती. आता दावा पोर.”

आणि पोर दाखवलं गेलं. सगळ्यांचं असंच होई. दोन दिवसांत माझ्या लक्षात आलं की बाईंचा कायदा हा पुण्याबाहेरच्या टोलनाक्यासारखा झाला आहे. गाडी जराशी थांबवायची, काच खाली करायची, “कशी आहेस, बरं बरं,” आणि भरधाव पाळण्याकडे. माझ्या ऑफिसातल्या एका सहकारिणीनं तर दारातूनच “कशी आहेस” म्हटलं आणि माझं उत्तर यायच्या आत “हो का, वा” असंही म्हणून घेतलं.

आणि आता खुद्द बाई. रोज सकाळी त्या दाराची कडी हातातच धरून आत डोकावत. “कशा आहात? छान.” प्रश्न आणि उत्तर एकाच दमात, दोन्ही त्यांचंच. मला मधे बोलायला स्वल्पविरामाएवढीही जागा नसे. सगळ्या जगाला बाळंतिणीची चौकशी करायला लावणाऱ्या या बाई स्वतः उत्तराला कधी थांबत नसत. त्या लाल पाटीखालीच उभ्या राहून हे चाले, याचं मला तेव्हा हसू येई. हसलं की टाके दुखत, म्हणून मी तेही बंद केलं.

मग घरी आले. बाळंतिणीचं घर कसं असतं ते तुम्हाला माहीत आहे. पंखा बंद, खिडकी बंद, कानाला रुमाल, पलंगाखाली ओव्याची धुरी. तोंडापुढे अळिवाची खीर नाहीतर डिंकाचा लाडू. आणि येईल त्याच्या तोंडी एकच चौकशी: दूध येतंय का? सासूबाई विचारत, शेजारच्या काकू विचारत, माझ्या वडिलांचे मित्र फोनवर माझ्या आईमार्फत विचारत. एका सकाळी दाराबाहेरून कुणीतरी विचारलं, “दूध आलं का?” मी आतूनच ओरडले, “नाही!” दूधवाल्याचा माणूस बिचारा आणखी एक पिशवी ठेवून गेला. घरात सगळे हसले. मीही हसले, आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

कारण दूध येत होतं. दुसरं काहीतरी येत नव्हतं.

हे लिहायला सोपं नाही, तरी लिहिते. ती माझ्या कुशीत असे आणि मला तिच्याबद्दल काही म्हणता काही वाटत नसे. राग नाही, माया नाही. कुणीतरी “जरा हिला धरा, मी आलेच” म्हणून निघून गेलंय आणि परत येत नाहीये, असं वाटे. ती रडली की उठून दुसऱ्या खोलीत जावंसं वाटे. त्याही पलीकडे, घरातूनच जावंसं वाटे. नवरा तिचे फोटो काढून ग्रुपवर टाकी, खाली बदामांची रांग लागे, कुणी लिही, “आईपणाचं तेज बघा चेहऱ्यावर!” ते तेज तापाचं होतं. टाक्यांत पू झाला होता.

म्हणून पुन्हा कसबा, पुन्हा तोच पलंग, तोच हिरवा पडदा. बाईंनी पट्टी काढून बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. तो माझ्या काळजीनं पडला असेल असं मला वाटलं.

“टाके मी चांगले घातले होते,” बाई म्हणाल्या.

“हो बाई.”

“मग हे काय?”

जणू मी घरी जाऊन ते उसवून बघितले होते. मी चक्क “सॉरी” म्हटलं. बाईंनी ते स्वीकारलं, सिस्टरना खुणेनं औषधं सांगितली आणि गेल्या. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा कडीवर हात आणि “कशा आहात? छान.” ताप उतरत होता, जखम भरत होती, तेव्हा छानच म्हणायचं. बाकीचं मी कुणाला सांगणार? आईला सांगितलं असतं तर तिनं रडून गोंधळ घातला असता. नवऱ्याला सांगितलं असतं तर त्यानं गूगल केलं असतं.

एका दुपारी डबा घेऊन सासरे आले, एकटेच. आम्ही त्यांना नाना म्हणतो. नाना सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. आयुष्यभर खिडकीच्या आत बसून बाहेरची रांग पाहिलेला माणूस. घरात त्यांचं बोलणं पेपर, पाणी आणि “पंखा एकवर ठेवा” यापलीकडे फारसं जात नसे. लग्नानंतर माझ्याशी ते सलग बोलले असतील ते रेशनकार्डावर नाव चढवताना.

ते पडद्याकडे बघत उभे राहिले. सिस्टरनी बोटानं आधी पाटी दाखवली, मग स्टूल. नाना नियम मोडणाऱ्यांतले नाहीत. त्यांनी पाटी पूर्ण वाचली, डबा खाली ठेवला, स्टुलावर बसले, गुडघ्यांवर हात ठेवले.

“कशी आहेस?”

“बरी आहे.”

इथं सगळे उठत. नाना उठले नाहीत. मला वाटतं, त्यांना अर्ज अपुरा भरलेला वाटला असावा.

“बरी म्हणजे कशी?” त्यांनी विचारलं.

त्या प्रश्नाचं उत्तर मी तयार ठेवलेलं नव्हतं. कुणी तिथवर आलंच नव्हतं. मी तोंड उघडलं आणि जे कुणालाच सांगायचं नाही असं ठरवलं होतं ते सगळं नानांना सांगून टाकलं. ही मुलगी मला माझी वाटत नाही, नाना. मला तिचं काही वाटत नाही. मला निघून जावंसं वाटतं. कधीकधी वाटतं, मी नसलेलेच बरं. रडत नव्हते. नळाखाली बरंचसं संपलं होतं.

नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग फार काळजीपूर्वक विचारलं, “निघून कुठं जाशील?”

“माहीत नाही.”

“बरं,” नाना म्हणाले. “मग अजून जाऊ नकोस. डबा खाऊन घे. मी आलो.” आणि सिस्टरना सांगून गेले, “हिला एकटं सोडू नका. बाळ नका दाखवू मला आत्ता.”

माझ्याशी त्या सबंध काळात कुणी इतकं सरळ बोललं नव्हतं. मला नानांचा असा आधार वाटला की मी खरंच डबा उघडून जेवले.

पुढचं मला सिस्टरनी नंतर नकलेसकट सांगितलं. बाईंची तपासणीची वेळ चालू होती. खोलीबाहेर बाकावर गरोदर बायका ओळीनं बसलेल्या. नाना मधे घुसू शकले असते, कुणी काही म्हटलं नसतं. पण रांग मोडणं त्यांच्या रक्तात नाही. ते शेवटच्या बाईशेजारी, मांडीवर टोपी ठेवून, बसले. रांग पुढे सरकली की तेही सरकत. मधे एकीनं त्यांना विचारलं, “आजोबा, तुमचं काय?” नाना म्हणाले, “माझा नंबर आहे.”

नंबर आला. बाईंनी उभ्यानंच चष्म्यावरून बघितलं.

“आपल्याला काय होतंय?”

“मला काही नाही. सुनेला होतंय.”

“तिला मी रोज विचारते. छान आहे ती.”

“आपण विचारता,” नाना म्हणाले, “पण उत्तराला थांबत नाही.”

सिस्टर म्हणाल्या, तेवढ्यात खालचे हातोडेसुद्धा थांबल्यासारखे वाटले. बाईंना असं कुणी बोललेलं त्यांनी सगळ्या नोकरीत ऐकलं नव्हतं. बाईंचा आवाज चढला. “माझ्या दवाखान्यात येऊन आपण मला शिकवणार?”

“शिकवत नाही,” नाना म्हणाले. “आपलीच पाटी आपल्याला वाचून दाखवतोय.”

मला ते तिथं बघायला मिळालं नाही, याची हळहळ अजून आहे.

बाई आल्या. सवयीनं हात दाराच्या कडीवर गेला होता, तो त्यांनी काढून घेतला. आत येऊन दार लावून घेतलं, स्टूल पायानं पुढे ओढलं आणि बसल्या. बसल्यावर त्या अगदी लहान दिसायला लागल्या. कॅनव्हासचे बूट जेमतेम जमिनीला टेकत होते.

“बोला,” त्या म्हणाल्या. “मी बसलेय.”

मी दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. त्यांनी मधे तोडलं नाही, हे त्यांना किती जड गेलं असेल ते मला दिसत होतं. मग त्यांनी एक-दोन प्रश्न विचारले, अगदी उघडे. बाळाला काही करावंसं वाटतं का? स्वतःला काही करावंसं वाटतं का? मी खरी उत्तरं दिली. दुसऱ्या उत्तरावर त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. नाडी बघण्यासाठी असेल असं वाटलं, पण त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही.

“हा आजार आहे,” त्या म्हणाल्या. “टाक्यांत पू झाला, तसाच. दोन्हींवर औषध आहे. पू दिसतो, म्हणून त्याला पू म्हणतात. हा दिसत नाही, म्हणून नातेवाईक त्याला स्वभाव म्हणतात.”

“पण बाई, मला ती आवडतच नाही.”

“नाही ना आवडत? नका आवडून घेऊ. तुम्ही आत्ता आजारी आहात, तुम्हाला आवडीनिवडी कुणी विचारल्यात? दूध देताय, तेवढं पुरे. बाकीचं येईल. नाही आलं तर मी आहे.”

हे त्यांनी इतक्या चिडक्या आवाजात म्हटलं की मला एकदम हलकं वाटलं. कुणी गोड बोललं असतं तर मी पुन्हा “बरी आहे” म्हटलं असतं.

त्याच संध्याकाळी त्यांनी आपल्या ओळखीच्या मानसोपचाराच्या डॉक्टरांना बोलावून घेतलं. त्या शांत होत्या, त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, आणि तो त्यांचा मोठा गुण होता. सासूबाईंना मात्र त्यांच्या डिग्रीचा अर्थ कळला आणि त्या दारात बाईंना आडव्या गेल्या. “म्हणजे हिला वेड लागलंय की काय?”

“तिला नाही,” बाई म्हणाल्या. “बाकीच्यांना मी अजून तपासलेलं नाही.”

मग घरी गेल्यावरचे हुकूम निघाले. रुमाल काढा. खिडकी उघडा, आजाराला नाही तर निदान ओव्याला तरी बाहेर जाऊ दे. भेटायला येणाऱ्यांना आठवडाभर बंदी. बाळंतिणीला रात्री सलग झोप, आणि रात्रीचं एक पाजणं, आधी काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्यानं, आजोबांनी.

“आजोबांनी?” सासूबाईंनी छातीवर हात ठेवला.

“दूध त्यांना यायला नको, वाटीत आलं की झालं.”

नाना ते शिकले. कचेरीत शिक्का मारावा तसा एकेक चमचा, नेमका, एकही थेंब बाहेर नाही. माझा नवरा ते शूट करायला गेला तेव्हा नानांनी, आयुष्यात प्रथमच, त्याला “चालता हो” म्हटलं. नवरा चालता झाला, आणि थोड्या वेळानं परत येऊन माझ्यापाशी बसला. मोबाइल बाहेर ठेवून आला होता. “बरी म्हणजे कशी?” त्यानं विचारलं. बापानंच पढवलं असणार. चालेल, म्हटलं मी मनात.

बाईंनी नानांची किंवा माझी माफी मागितली नाही. तो त्यांचा प्रांत नव्हता. पण मी घरी निघाले त्या सकाळी प्रत्येक खोलीत एक नवं स्टूल आलं होतं आणि भिंतीवर ताज्या रंगाची पाटी: “हे स्टूल डॉक्टरांसाठी आहे. नातेवाइकांनी उचलून नेऊ नये.” नाना ती पाटी वाचत बराच वेळ उभे राहिले. “शुद्ध आहे,” ते मला म्हणाले.

बरं व्हायला वेळ लागला. कथांमध्ये एका सकाळी मूल हसतं आणि आईच्या डोळ्यांत पाणी येतं. आमची मुलगी हसली तेव्हा मी डायपर शोधत होते. औषधं घेतली, त्या शांत डॉक्टरांशी बोलत राहिले. काही दिवस चांगले गेले, काही फार वाईट गेले. माया कधी आली ते मला सांगता येणार नाही. एकदा तिला ताप आला आणि आपण तिच्या श्वासांकडे कान लावून बसलोय, बाकी काही सुचत नाहीये, असं लक्षात आलं. तोवर माया येऊन स्थिरावलेली होती.

बाईंनी पुढे ते प्रसूतिगृह बंद केलं. आता त्या जागी मोबाइलची कव्हरं मिळतात आणि भिंतीवर एकच पाटी आहे, तीही डिस्काउंटची, अशुद्ध.

परवा मंडईत त्या अचानक दिसल्या. पांढरा कोट नाही, हातात कापडी पिशवी, पायांत तेच कॅनव्हासचे बूट. गवारीची शेंग मोडून भाजीवाल्याला दाखवत होत्या. “ही जून आहे. कोवळी म्हणून विकताय, वर बोलताय.” मी मुलीचा हात धरून पुढे झाले. ती आता पहिलीत आहे.

“नमस्कार बाई.”

त्यांनी चष्म्यावरून मला खालवर न्याहाळलं. “कोण?”

मी नाव सांगितलं. काही नाही. कसबा म्हटलं, टाके म्हटलं.

“उभ्या बायका मला ओळखू येत नाहीत,” बाई वैतागून म्हणाल्या. “आडव्या असत्यात तर ओळखलं असतं.”

“माझे सासरे तुमच्याकडे रांगेत बसले होते.”

“हां!” त्यांचा चेहरा उजळला. “ते भांडखोर गृहस्थ! आहेत ना?”

“आहेत. हिला शाळेत सोडतात.”

मग त्यांनी मुलीकडे पाहिलं. वाकल्या नाहीत, गाल ओढला नाही, नाव विचारलं नाही. तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघून, भरल्या मंडईत, खणखणीत आवाजात विचारलं, “मग? आवडली का शेवटी?”

भाजीवाल्याचा तराजू हातातच राहिला.

“आवडली,” मी म्हटलं. “फार आवडली, बाई.”

त्या थांबल्या. मी आणखी काही बोलते का ते बघत, पिशवी हातात घेऊन, गर्दीचे धक्के खात, खरंच थांबल्या. मग त्यांनी मान हलवली, भाजीवाल्याला “तोला, तोला” म्हटलं आणि गवार पिशवीत घातली.

“आई, कोण आवडली?” मुलीनं माझा हात ओढला.

“तू.”

“म्हणजे आधी मी आवडत नव्हते?”

मुद्रितशोधकाची मुलगी. तिला ‘शेवटी’ हा शब्द बरोबर खुपला होता.

“आधी मला बरं नव्हतं,” मी सांगितलं. “मला काहीच आवडत नव्हतं.”

तिनं जरा विचार केला. “मग तेव्हा मी काय करायचे?”

“दूध प्यायचीस. झोपायचीस. आणि माझी वाट बघायचीस.”

“मला येते वाट बघता,” ती सहज म्हणाली. “शाळा सुटल्यावर तू उशीर करतेस, तेव्हा पण बघते.”

हे बाईंना ऐकवायलाच हवं म्हणून मी मान वर केली. पण त्या गवार घेऊन निघून गेल्या होत्या, आणि मंडईतल्या इतक्या उभ्या बायकांमध्ये मला त्या कुठंच दिसल्या नाहीत.